कॅम्परव्हॅनने आइसलँडची प्रदक्षिणा: दोन मित्रांसाठी, वारा पाहून आखलेली

आइसलँडला प्रदक्षिणा घालणारा रस्ता एकच आहे, रस्ता क्रमांक १. लांबी सुमारे १,३२० किलोमीटर. १९७४ साली दक्षिणेकडच्या वाळवंटी पट्ट्यात स्केदाराउ नदीवर पूल झाला आणि वर्तुळ जुळलं. त्याआधी बेटाच्या आग्नेय कोपऱ्यात राहणाऱ्यांना राजधानी रेक्याविकला यायचं तर उत्तरेकडून लांबचा फेरा पडे. आता हा सगळा रस्ता डांबरी आहे, त्यामुळे वाट चुकायची भीती जवळजवळ नाही. इथे बेत कोलमडतो तो वाऱ्याने. उंच, हलक्या, चपट्या बाजूंच्या गाडीला वारा शिडासारखा ढकलतो. म्हणून कुठे जायचं, कुठे थांबायचं, गाडी कशी उभी करायची, हे सगळं वाऱ्याकडे बघून ठरवायचं. बाकीच्या गोष्टी त्यामागून येतात.

कधी जायचं, किती दिवस

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी जून ते ऑगस्ट याच काळात जावं. सप्टेंबरच्या मध्यानंतर बरीच कॅम्पिंगची मैदानं बंद होतात आणि मेच्या मध्यापर्यंत उघडत नाहीत. १ नोव्हेंबर ते १४ एप्रिल गाडीला हिवाळी टायर सक्तीचे असतात. त्या दिवसांत व्हॅनमध्ये झोपून बेट फिरणं हे बर्फावर गाडी चालवायची सवय असलेल्यांचं काम आहे. जूनमध्ये रात्र काळी होतच नाही, म्हणून डोळ्यांवर बांधायची जाड पट्टी दोघांनीही न्यावी. व्हॅनचे पडदे पुरत नाहीत.

दिवस दहा धरा. सातात होते, पण मग हातात स्टिअरिंग आणि समोर काच एवढंच उरतं. धबधबे, फ्योर्ड (डोंगरांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्या), गावात शिरणं-निघणं धरून नकाशावरचे १,३२० किलोमीटर प्रत्यक्षात १,८०० ते २,००० होतात. दहातला एक दिवस कोराच ठेवा. तो सहलीसाठी नाही, वारा सुटला की जागेवर बसून राहण्यासाठी आहे. कोरा दिवस नसला की माणसं नको त्या वाऱ्यात गाडी काढतात.

दिशा आधीपासून पक्की करू नका. निघायच्या आदल्या दिवशी आइसलँडच्या हवामान खात्याच्या ‘वेदूर’ संकेतस्थळावर पुढच्या तीन-चार दिवसांचा वारा बघा. दक्षिण किनाऱ्यावर वादळ येत असेल तर उत्तरेकडून सुरुवात करा.

कागदपत्रं

आइसलँड २००१ पासून शेंगेन क्षेत्रात, म्हणजे सामायिक व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यासोबत किमान ३०,००० युरोंचा प्रवासी वैद्यकीय विमा. परवाना रोमन लिपीत असला पाहिजे. परवान्यावर प्रादेशिक लिपी असेल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून न्या. नसली तरी नेलेला बरा, कारण काही भाडे कंपन्या तो मागतात. गाडी दोघं चालवणार असाल तर दोघांची नावं करारात हवीत. ज्याचं नाव नाही त्याच्या हातून काही झालं तर विमा लागू होत नाही.

पैसे क्रोनात, पण रोख जवळजवळ कुठेच लागत नाही. क्रेडिट कार्डाचा चार अंकी पिन मात्र पाठ हवा. बरेच पेट्रोल पंप माणसाविना चालतात आणि पिनशिवाय इंधन देत नाहीत. शिवाय पंप आधी मोठी रक्कम अडवून ठेवतो आणि जास्तीची नंतर सोडतो. कार्डाची मर्यादा कमी असेल तर दोन-तीनदा इंधन भरल्यावर कार्ड अडकतं. दोघांकडे वेगवेगळं कार्ड असावं.

गाडी निवडताना

तीन प्रकार मिळतात. पहिला, छोट्या सामानवाहू गाडीची केलेली व्हॅन: स्वस्त, वाऱ्याला कमी सापडणारी, पण आत नीट बसताही येत नाही. दुसरा, मध्यम व्हॅन: सरकता दरवाजा, मागे छोटं स्वयंपाकघर, बैठकीची घडी उलगडली की गादी. तिसरा, शौचालयासकट मोठं मोटरहोम. दोन मित्रांसाठी मध्यम व्हॅनच घ्यावी. पावसात आत बसून जेवता येतं आणि उंची आवाक्यात राहते. मोटरहोमचा थाट मोठा असतो, पण वाऱ्याच्या दिवशी ते सगळ्यात आधी रस्त्याकडेला उभं राहतं.

कंपनीला दोन प्रश्न जरूर विचारा: गादीची नेमकी रुंदी किती, आणि रात्री सामान कुठे ठेवायचं? १२० सेंटिमीटर रुंदीवर दोन मोठी माणसं दहा रात्री झोपली की अकराव्या दिवशी बोलत नाहीत. १४० हवी, आणि स्लीपिंग बॅग वेगवेगळ्या. कडक सूटकेस नेऊ नका, ती व्हॅनमध्ये रोज रात्री पुढच्या सीटवर आणि रोज सकाळी मागे हलवावी लागते. कापडी पिशव्या सीटखाली कोंबता येतात.

चारही चाकं ओढणारी गाडी क्रमांक १ च्या रस्त्यासाठी उन्हाळ्यात लागत नाही. ती लागते ‘एफ’ अक्षराने सुरू होणाऱ्या डोंगरी रस्त्यांसाठी, आणि तिथे तो कायदाच आहे. ते रस्ते जूनच्या अखेरीपासून टप्प्याटप्प्याने उघडतात. त्यांवर नद्या पुलाविना, गाडी पाण्यात घालून पार कराव्या लागतात आणि पाण्याने झालेलं नुकसान विमा भरत नाही. पहिल्या फेरीत तिकडे जाऊ नका.

विम्यात तीन गोष्टी वेगळ्या वाचा. खडी उडून काच-रंगाचं नुकसान: हे संरक्षण घ्याच. वाळू आणि राखेचं नुकसान: दक्षिणेच्या काळ्या वाळूच्या मैदानांत वादळ सापडलं तर गाडीचा रंग एका बाजूने पत्र्यापर्यंत खरवडला जातो, म्हणून हेही घ्या. तिसरं वाऱ्याने उपटलेला दरवाजा: हे बहुतेक करारांत कशातच बसत नाही. करारात किलोमीटरमागे वेगळा कर लावला आहे का, तेही बघून ठेवा.

गाडी ताब्यात घेताना एक तास द्या

विमानातून उतरल्यावर घाई होते आणि नंतरची भांडणं तिथेच जन्मतात. एकाने मोबाइलवर चित्रफीत काढत गाडीभोवती सावकाश फिरावं: समोरची काच, चारही चाकांच्या कडा, छताची धार, दरवाज्यांची बिजागरं. दरवाजा पूर्ण उघडल्यावर पुढच्या पत्र्याला लागून जुना पोचा आहे का, हे मुद्दाम टिपा. दुसऱ्याने त्याच वेळी आतलं तपासावं. हीटर चालू करून दहा मिनिटं चालवून बघा, गरम हवा येते का. शेगडी पेटवा. फ्रिज, पाण्याचा पंप, चार्जिंगचे सॉकेट बघा. गादी एकदा स्वतःच्या हातांनी उलगडून पुन्हा घडी घाला. जास्तीचं चाक, जॅक आणि टायर दुरुस्तीचं सामान कुठे आहे ते विचारा. इंधनाच्या झाकणावर डिझेल आहे की पेट्रोल ते वाचा. पंपावर पेट्रोलला ‘बेन्सिन’ आणि डिझेलला ‘डीसेल’ लिहिलेलं असतं.

दरवाजा

या एका गोष्टीवर थांबून बोलायला हवं, कारण सहली याच्यामुळेच मोडतात. गाडीचा पुढचा दरवाजा बिजागरावर पुढे टांगलेला असतो आणि मागच्या बाजूने उघडतो. वारा मागून येत असेल तर खटका सोडल्याबरोबर तो दरवाज्याच्या आत शिरतो आणि दरवाजा हातातून हिसकून पुढे फेकतो. बिजागर त्याच्या मर्यादेपलीकडे वळतं, पुढचा पत्रा चुरगळतो आणि दरवाजा पुन्हा चौकटीत बसत नाही. अशी गाडी पुढे नेता येत नाही. मग दुसरी गाडी येईपर्यंत वाट बघायची आणि बिल आपल्या माथी.

म्हणून गाडी उभी करताना तिचं नाक वाऱ्याकडे. असं केलं की वारा दरवाजा बंद करायला बघतो, उघडायला नाही. गवत कुठे झुकलंय, झेंडा कुठे फडकतोय हे उतरायच्या आधी बघा. दरवाज्याच्या वरच्या कडेला एक हात, आतल्या मुठीला दुसरा, मग हळू उघडा. समोरासमोरचे दोन दरवाजे एकाच वेळी उघडायचे नाहीत, एकाने बंद केला की मगच दुसऱ्याने उघडायचा. ‘वारा?’ एकाने विचारायचं, ‘पुढून’ दुसऱ्याने सांगायचं, मग उतरायचं. ही सवय पहिल्या दिवसापासून लावा.

वाऱ्याचे आकडे

आइसलँडमध्ये वारा मीटर प्रतिसेकंदात सांगतात. आकड्याला ३.६ ने गुणा की ताशी किलोमीटर मिळतात: २० म्हणजे ताशी ७२. रस्त्याकडेच्या विजेच्या फलकांवर तापमान, दिशा आणि वेग दिसतो, काही ठिकाणी झोताचा, म्हणजे मध्येच येणाऱ्या जोराच्या फटक्याचा, वेगही. कॅम्परव्हॅनसाठी १० पर्यंत निवांत, १५ च्या आसपास वेग कमी करून दोन्ही हात स्टिअरिंगवर, आणि झोत १८-२० च्या पुढे असतील तर निघायचंच नाही. सरासरी वाऱ्यापेक्षा झोताचा आकडा महत्त्वाचा आहे. गाडी उलटते ती झोताने.

काही जागा कायमच्या वाऱ्याच्या आहेत. रेक्याविकच्या उत्तरेला क्यालारनेस, बोर्गारनेसजवळ हाप्नार डोंगराचा पायथा, दक्षिणेत एयाफ्योट्ल डोंगरांखालचा पट्टा, स्काफ्टाफेलच्या आजूबाजूचा ओराइवी भाग. इथे डोंगरावरून वारा खाली कोसळतो, त्यामुळे पाच मिनिटांपूर्वीची शांतता काही सांगत नाही. विक गावाच्या पूर्वेला मिर्दाल्ससान्दुर नावाचं काळ्या वाळूचं मैदान आहे. तिथे वाऱ्यासोबत वाळूही येते. रोज सकाळी चहाच्या वेळी वेदूरवरचा वारा, रस्ते खात्याच्या ‘उमफेर्दिन’ नकाशावरची रस्त्यांची अवस्था आणि प्रवाशांच्या सुरक्षेसाठीच्या ‘सेफट्रॅव्हल’ संकेतस्थळावरच्या सूचना, एवढं बघून मगच भांडी आवरा. इशारे पिवळे, नारिंगी आणि लाल असतात. पिवळा म्हणजे ‘चालेल’ असं कॅम्परव्हॅनवाल्यांनी समजू नये. आणीबाणीचा क्रमांक ११२.

रस्त्यावर

गाडी उजवीकडून. गावात ताशी ५०, खडीच्या रस्त्यावर ८०, डांबरीवर ९०. हेडलाइट दिवसरात्र चालू. दोन पदरी गोल चौकात आतल्या पदरातून बाहेर पडणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असतं. हा नियम आपल्या अंगवळणी नाही, म्हणून रेक्याविकमध्ये सुरुवातीला बाहेरच्या पदरात राहा आणि पहिल्याच फाट्याला बाहेर पडा.

तीन पाट्या ओळखून ठेवा. ‘आइनब्रेद ब्रू’ म्हणजे एकपदरी पूल: जो आधी पोचला तो आधी जातो. समोरचा जवळ असेल तर आधीच थांबा, पुलावर चढून मग विचार करू नका. ‘ब्लिंदहाइथ’ म्हणजे पलीकडचं न दिसणारा चढ: उजवी कड धरा. ‘माल्बिक एन्दार’ म्हणजे डांबर संपतंय: वेग पाटीपाशीच कमी करा. क्रमांक १ सोडून बाजूच्या रस्त्याला लागलात की ही पाटी भेटते. खडीवर आल्यावर ब्रेक दाबला तर मागचं टोक घसरतं, मग माणूस स्टिअरिंग जोरात उलटं फिरवतो आणि उंच गाडी कलंडते.

मेंढ्या उन्हाळाभर मोकळ्या असतात. रस्त्याच्या एका कडेला मेंढी आणि दुसऱ्या कडेला कोकरू दिसलं की त्यातलं एक रस्ता ओलांडणारच, असं धरून चाला. गाडी जवळ आली की घाबरून कोकरू आईकडे धावतं, गाडीपासून दूर नाही. लांबूनच वेग पार कमी करा आणि दोघं एकाच बाजूला होईपर्यंत थांबा.

फोटोसाठी रस्त्यातच थांबू नका, क्रमांक १ ला बहुतेक ठिकाणी कडेची पट्टीच नाही. रस्ता सोडून चाकं खाली उतरवणं हा गुन्हा आहे आणि दंड जबर असतो. तिथल्या शेवाळावर उमटलेली चाकोरी भरून यायला कित्येक दशकं जातात.

रात्र

हवं तिथे गाडी लावून झोपायचे दिवस गेले. २०१५ पासून कॅम्परव्हॅनमध्ये रात्र काढायची तर नेमलेल्या कॅम्पिंगच्या मैदानावर किंवा जमीनमालकाच्या परवानगीनेच. मैदानाला तिथे ‘त्याल्दस्वाइदी’ म्हणतात. साधारण माणशी २,००० ते ३,००० क्रोना पडतात, अंघोळ आणि वीज कधी त्यात, कधी वेगळी. बऱ्याच ठिकाणी आगाऊ नोंदणी लागत नाही, पण संध्याकाळी सात-आठपर्यंत पोचलात तर सपाट आणि आडोशाची जागा मिळते. शेडच्या किंवा टेकाडाच्या आड, नाक वाऱ्याकडे.

व्हॅनचा हीटर बहुधा गाडीच्याच टाकीतलं डिझेल घेतो. त्याची नळी टाकीच्या तळापासून वर बसवलेली असते, म्हणून टाकी पाव झाली की हीटर बंद पडू शकतो आणि पहाटे तीनला दोघं कुडकुडत उठतात. संध्याकाळी अर्ध्या टाकीच्या खाली येऊ देऊ नका. पेटताना हीटर बॅटरीतून बरीच वीज ओढतो. मोबाइल आणि कॅमेरे गाडी चालू असतानाच चार्ज करा. बंद करताना हीटरच्या बटणाने करा आणि पंखा आपोआप थांबेपर्यंत मुख्य स्विचला हात लावू नका, नाहीतर आतला तापलेला भाग बिघडतो.

दोघांच्या श्वासातून रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. काचा घट्ट बंद ठेवल्या तर सकाळी आतून ओघळ लागलेले असतात, गादीची भिंतीकडची कड ओली आणि स्लीपिंग बॅगचं टोक थंडगार. दोन्ही बाजूंची काच बोटभर उघडी ठेवा. थंडी थोडी वाढते, ओल मात्र टळते. उठल्यावर काचा फडक्याने पुसून फडकं बाहेर पिळा.

शेगडीने व्हॅन गरम करायची नाही, कधीच नाही. बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. स्वयंपाक सरकता दरवाजा उघडा ठेवून. गॅसची डबी विमानात नेता येत नाही, तिथे पोचल्यावरच घ्या आणि प्रोपेन मिसळलेली घ्या. निव्वळ ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू होईनासा होतो आणि ज्योत मंदावते. बऱ्याच कॅम्पिंग मैदानांवर परत जाणाऱ्यांनी सोडलेल्या अर्ध्या डब्या एका फळीवर ठेवलेल्या असतात. आधी ती फळी बघा, परतताना तुमचीही तिथेच ठेवा.

पाणी, इंधन, खाणं

नळाचं थंड पाणी थेट प्यायचं, बाटल्या विकत घेऊ नका. गरम पाणी बऱ्याच ठिकाणी जमिनीतून येतं आणि त्याला गंधकाचा वास असतो. ते पिऊ नका, आणि चांदीची अंगठी काढून ठेवा, काळी पडते. अंघोळीसाठी गावोगावचे पोहण्याचे तलाव उत्तम: गरम पाण्याची कुंडं, स्वच्छ न्हाणीघर, माफक शुल्क. पाण्यात उतरण्याआधी पोहण्याचे कपडे न घालता साबणाने अंघोळ करावी लागते. हा तिथला नियम आहे आणि तो पाळतात.

मध्यम व्हॅनला १०० किलोमीटरला सुमारे ८ लिटर डिझेल धरा, म्हणजे २,००० किलोमीटरला १६०. समोरून वारा असला की यात भर. एगिल्सस्तादिर ते मिवात्न हा सुमारे १६५ किलोमीटरचा टापू जवळजवळ निर्मनुष्य आहे, तिथे टाकी भरूनच निघा. किराणा बोनुस किंवा क्रोनान दुकानांतून पहिल्याच दिवशी चार दिवसांचा घ्या. पूर्वेकडे दुकानं विरळ होतात.

वाट, दक्षिणेत वादळ नसेल तर घड्याळाच्या उलट दिशेने

पहिल्या दिवशी केफ्लाविक विमानतळाहून १०० किलोमीटरपलीकडे जाऊ नका, विमानात अपुऱ्या झालेल्या झोपेने अपघात होतात. थिंगवेल्लिर किंवा सेल्फॉसला मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी सेल्यालान्द्सफॉस धबधबा, मग ६० मीटर उंचीचा स्कोगाफॉस धबधबा, मुक्काम विकला. विकजवळच्या रेनिसफ्यारा किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करायची नाही. तिथे अधूनमधून एखादी लाट इतरांपेक्षा कितीतरी वर येते आणि माणसाला ओढून नेते, जीव गेलेले आहेत. धोक्याचा दिवा आणि पाट्या बघून तेवढंच पुढे जा.

विक ते योकुल्सारलोन सुमारे १९० किलोमीटर. मध्ये स्काफ्टाफेलला रात्र काढली तर हिमनदीच्या बाजूच्या पायवाटांना वेळ मिळतो. योकुल्सारलोनच्या सरोवरातल्या हिमखंडांवर पाय ठेवू नका, ते उलटतात. या बहुतेक ठिकाणी वाहनतळाचं शुल्क आहे आणि कॅमेरे नंबर प्लेट वाचतात. ‘पार्का’ ॲप आधीच घालून ठेवा. शुल्क राहिलं तर भाडे कंपनी त्यावर आपला आकार लावून वसूल करते.

हप्न गावापासून एगिल्सस्तादिर किनाऱ्याने सुमारे २५० किलोमीटर. इथे मोबाइलचा नकाशा हमखास ‘ओक्सी’ नावाचा ९३९ क्रमांकाचा रस्ता सुचवतो, कारण तो बराच जवळचा आहे. तो खडीचा, तीव्र चढाचा आणि बऱ्याचदा धुक्यातला आहे. व्हॅन भरलेली असताना तो घेऊ नका, फ्योर्डांच्या कडेने क्रमांक १ नेच जा.

एगिल्सस्तादिरहून मिवात्नच्या वाटेवर डेट्टीफॉस धबधब्याला जायला दोन रस्ते आहेत: पश्चिमेचा ८६२ डांबरी, पूर्वेचा ८६४ खडीचा. पश्चिमेचा घ्या. मिवात्न या नावाचा अर्थच चिलटांचं तळं, त्यामुळे शांत हवेच्या दिवशी डोक्यावरची जाळी लागतेच. चिलटं दिसली म्हणजे निदान वारा पडलाय. अकुरेरी शहराच्या आधी वादलाहेदीचा बोगदा लागतो. टोलनाका नाही, पैसे ऑनलाइन भरायचे, नाहीतर विकुरस्कार्दच्या घाटरस्त्याने जायचं. अकुरेरी ते बोर्गारनेस सुमारे ३१५ किलोमीटर, हा फेरीतला सर्वांत लांब दिवस. कोरा दिवस शिल्लक असेल तर इथे खर्चा.

दोघांची वाटणी

दर दोन तासांनी चालक बदला, दमला असो वा नसो. जो चालवत नाही त्याने झोपायचं नाही. पुढचा फलक वाचणं, एकपदरी पुलावर समोरून कोण येतंय ते सांगणं, वाऱ्याचा आकडा बोलून दाखवणं ही त्याची कामं. खर्चाचा एकच हिशेब रोज रात्री लिहा. थांबायचं की निघायचं यावर मतभेद झाला तर थांबू म्हणणाऱ्याचं ऐकायचं, हे निघण्याआधीच ठरवून घ्या.

शेवटची रात्र केफ्लाविकपासून तासाभराच्या अंतरात काढा. सकाळी टाकी पूर्ण भरा, पावती जपून ठेवा, पंपावरच्या ब्रशने गाडी धुवा म्हणजे खडीचे ओरखडे स्पष्ट दिसतील, आणि पहिल्या दिवशी काढली होती तशीच चित्रफीत पुन्हा काढा: काच, चाकं, छताची धार, दरवाज्यांची बिजागरं. विमानतळाच्या वाऱ्यात सामान उतरवतानाही गाडीचं नाक वाऱ्याकडेच असू द्या.